पिवळा झेंडा

तारनाक्याचा म्हातारा मेकॅनिक गाडी परत देताना ब्रेकचं पेडल हाताने तीनदा दाबून बघायचा. काल मी हसलो, "चाचा, कितने बार देखते?"

"हसो नक्को साब. पहले यहाँ कारों की रेस होती थी. मेरा भाई उसीच में गया. उसकी गाडी के ब्रेक मैंच कसे थे."

त्या शर्यतीत वळणावर पिवळा झेंडा दाखवून धोक्याची सूचना देण्याचं काम माझं होतं. पुढे बंद पडलेल्या गाडीवर त्याचा भाऊ वेगात आदळला, तेव्हा मी चहा पीत होतो. शर्यत कायमची बंद झाली. मी हे कुणालाच सांगितलं नाही.

"चाचा, ब्रेक ठीक थे," मी कसंबसं म्हणालो. "झंडा मेरे पास था."

त्याचा हात पेडलवरच थांबला.