अस्तरातला खिसा

मानोऱ्याच्या बस स्टँडजवळ माझं बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे. तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला निघतात, तेव्हा मला जेवायचीही फुरसत नसते. बाया पिशव्या घेऊन येतात आणि हळूच सांगतात, अस्तराच्या आत एक चोरखिसा शिवून द्या. कोणापासून काय लपवायचं, हे मी कधी विचारत नाही.

माझा जावई माल्टा देशात एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. भूमध्य समुद्रावरचं जुनं, तटबंदीचं शहर. व्हॅलेटा म्हणतात त्याला. फोटो पाहून आमची सगळी गल्ली खूश झाली होती, आणि त्यात सगळ्यात पुढे मी. लग्नाच्या पहिल्या वर्षी मुलीचा तिथून फोन आला, "बाबा, त्यायनं माहा पासपोर्ट कुलपात ठेवला. इचारल्याबिगर खाली उतरू देत नाही. घरी येऊ काय?" मी म्हणालो होतो, "नवा संसार हाय, थोडं सांभाळून घे." तसं बोलताना मला लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

यंदा दोघं सुट्टीवर आले. परत जायच्या आदल्या दिवशी जावई मुलीची बॅग दुकानात घेऊन आला. चेनचा रनर बदलायचा होता. सोबत सामानाची यादी दिली, तिला नीट भरायला सांगा म्हणून. पातळ सुती कपडे. समुद्राचा वारा असतो, एक जाकीट. रस्ते दगडी आणि चढउताराचे, तर न घसरणारे बूट. उन्हाची टोपी. माणूस व्यवस्थित आहे, त्यात वादच नाही. यादीच्या शेवटी लिहिलं होतं, 'कागदपत्रं सगळी माझ्याजवळ राहतील.'

ती ओळ मी तीन-चारदा वाचली. जावई चहाला गेला. मी रनर बदलला, मग अस्तर उसवलं आणि पासपोर्ट मावेल एवढा खिसा आत शिवला. आयुष्य याच कामात गेलं, तरी त्या दिवशी सुई दोनदा बोटात घुसली.

घरी मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"नको जाऊ," मी म्हणालो.

"आता कायले म्हणता, बाबा?" ती वर न बघताच बोलली. "एकडाव पाहू द्या मले अजून."

मी तिचा हात धरून अस्तरावरून फिरवला. तिला समजलं. तिथंच आमचं ठरलं: फोनवर मी चेनचं विचारायचं. अटकते म्हणाली तर खिसा रिकामा, चालते म्हणाली तर पासपोर्ट आत. तिनं त्या जागेवर टोपी ठेवली आणि बॅग बंद केली.

दर रविवारी फोन येतो. जावई शेजारीच असतो, त्याचा खोकला मला ऐकू येतो.

"बॅगची चेन चालते काय व?"

"अटकते, बाबा."

सहा महिने ती चेन अटकतच राहिली. रविवारचं जेवण मला गोड लागायचं नाही.

मागच्या रविवारी ती म्हणाली, "आता चालते." पलीकडे जावई खोकला. मग तिनं अगदी सहज विचारलं, "पण चाक ढिलं झालं, बाबा. दुरुस्तीले घेऊन येऊ काय?"

येऊ काय, असं तिनं मला एकदा आधीही विचारलं होतं.

"घेऊन ये, पोरी," मी म्हणालो. "मी दुकानातच हावो."