ज्याच्या हातून, त्याच्या हाती

आमच्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की पहिलीच्या बाई. बाकी आम्ही सगळ्या दुसरीच्या बाई, चौथीच्या बाई, गाण्याच्या बाई. आम्हाला शेपूट लावल्याशिवाय कुणी ओळखत नाही. मी दुसरीची. लहानपणी मीही त्यांच्याच हाताखालून गेले आणि आता त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवते. मधली भिंत इतकी पातळ आहे की त्यांनी खडू मोडला तरी मला कळतं.

बाई अंगानं काडी, आवाजानं नगारा. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, पण पोरं त्यांना घाबरायची नाहीत, घाबरायचे पालक. कारण पहिलीच्या वर्गाचे दोन कायदे होते आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. पहिला कायदा असा की सकाळी फाटकात मूल ज्याच्या हातून घेतलं, सुटताना त्याच्याच हाती परत द्यायचं. दुसरं कुणी आलं तर चालायचं नाही, मग ती सख्खी मावशी का असेना. एकदा एका बड्या बापानं ड्रायव्हर पाठवला, तर बाईंनी ड्रायव्हरला पाणी पाजून रिकामा परत धाडला.

दुसरा कायदा दोरीचा. वर्गाबाहेर पाऊल टाकायचं तर एक जाड सुती दोरी निघायची. तिला थोड्या थोड्या अंतरावर गाठी, आणि प्रत्येक मुलाची आपली एक गाठ. ती मुठीत धरायची आणि बाई म्हणेपर्यंत सोडायची नाही. चर्च शाळेच्या अंगणापलीकडेच, पण तेवढ्या अंतरालाही दोरी हवीच. मला माझी गाठ अजून आठवते, पुढून चौथी.

यंदाच्या सुट्टीत मी बाईंच्या घरी गेले होते. त्यांनी चहा केला आणि साखर कपाऐवजी बशीत घातली. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. मी विचारलं तेव्हा आधी उडवून लावलं, मग म्हणाल्या, “तुझा चेहरा दिसत नाही गं. कान दिसतो, खांदा दिसतो. मधोमध मळकट डाग. माणूस मधूनच खोडरबरानं पुसल्यासारखा.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“आहे ते टिकलं तरी नशीब, म्हणतात.”

“मग मोठ्या सिस्टरांना सांगायला हवं.”

“सांगितलं की वर्ग गेला. मग घरी बसून काय करू? यांच्या शर्टांना गुंड्या लावू? त्या तरी कुठे दिसतायत!”

बाईंचे यजमान शिंपी. ते कोपऱ्यात मशीन चालवत ऐकत होते. मला मात्र राग आला. मी म्हटलं, “बाई, हा आगीशी खेळ आहे.”

“मग तू पाण्याची बादली घेऊन शेजारी उभी राहा,” बाई म्हणाल्या. “चेहरे नाहीत तर नाहीत. हात आहेत, आवाज आहेत. मी पोरं काय चेहऱ्यावरून ओळखते होय?”

त्यामुळे नव्या सत्राचा पहिला दिवस उजाडला तेव्हा माझा जीव टांगणीला लागलेला होता. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, गेल्याच वर्षी बदलून आल्या होत्या. चालल्या तरी पाऊल वाजत नसे, त्यामुळे त्या कुठे आहेत हे त्या बोलल्यावरच कळायचं. त्यांच्या नजरेतून धुळीचा कण सुटत नव्हता. बाईंचे डोळे कसे सुटणार?

त्या सकाळी बाईंना फाटकापर्यंत त्यांचे यजमान घेऊन आले. असं कधी झालं नव्हतं. आजवर बाई एकट्याच यायच्या, त्याही शिपायाच्या आधी. मी जिन्याच्या पायरीवरून बघत होते. यजमानांनी त्यांचा हात सोडला आणि बाई ताठ उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या.

मुलं येऊ लागली. रडणारी, ओरडणारी, आईच्या कपड्यांत तोंड खुपसणारी. बाई प्रत्येक मोठ्या माणसाचा हात आधी आपल्या हातात घेत, क्षणभर धरत, दोन शब्द बोलायला लावत आणि मग मूल घेत. लोकांना वाटलं काय हा जिव्हाळा! मला कळत होतं की त्या हात पाठ करतायत. अंगठी, घट्टा, घामट तळवा, आवाज.

शेवटी बेकरीवाला आला. तोही बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याच्या मनगटावर भट्टीच्या चटक्यांचे वण होते. मागे एक मुलगी लपली होती.

“बाई, ही लोकांत तोंड उघडत नाही,” तो म्हणाला. “घरी मात्र बंद होत नाही. आम्ही हिला रेडिओच म्हणतो.”

“लागेल इथेही, जरा वेळानं,” बाई म्हणाल्या. त्यांची बोटं त्याच्या वणांवरून फिरली. रेडिओचा हात त्यांनी घेतला, पण तिचा आवाज काही त्यांना मिळाला नाही.

हजेरी झाली, रेडिओच्या वेळी शेजारची पोरं “आहे, आहे” म्हणाली. मग सत्राच्या सुरुवातीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, होती. पहिली दोरीला धरून चर्चमध्ये गेली, मागून माझी दुसरी, मग बाकीचे. पहिलीची पोरं वेदीजवळच्या बाकांवर बसली. फादरांचं प्रवचन लांबलं, कुणी जांभया दिल्या, कुणी बाकाखाली शिरलं. मी बाईंवर डोळा ठेवून होते, त्या नादात माझ्याच वर्गातल्या दोघांची मारामारी झाली आणि मिस्सा संपेस्तोवर मी ती सोडवत बसले.

परत निघताना बाईंनी नेहमीसारखा दोरीवरून हात फिरवला. प्रत्येक गाठीवर एक मूठ. सगळ्या गाठी भरलेल्या. “चला,” त्या म्हणाल्या.

अंगणात मी माझी मुलं बघितली तर एक कमी. शोधलं तर माझी दुसरीतली एक मुलगी पहिलीच्या दोरीला लटकलेली! गेल्या वर्षभराची सवय. दोरीवर तिची जुनी गाठ रिकामी दिसली आणि तिनं ती धरली. “अगं शहाणे, आता तू दुसरीत गेलीस!” असं म्हणत मी तिला हाताला धरून आणलं. पोरं हसली, मीही हसले. गाठ रिकामी का होती, हे त्या गडबडीत माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

पहिला दिवस अर्धाच असतो. खाऊ झाला आणि घंटा झाली. बाई फाटकात उभ्या राहिल्या आणि एकेक हात परत देऊ लागल्या. समोरचा हात घ्यायचा, चाचपायचा, आवाज ऐकायचा, मुलाचं नाव घ्यायचं, मूल सोपवायचं. एकही चूक नाही. मोठ्या सिस्टर व्हरांड्यातून बघत होत्या आणि माझा जीव हळूहळू भांड्यात पडत होता.

मग चटक्यांच्या वणांचा हात पुढे आला.

“रेडिओ,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी मागे हात नेला. मागे कुणी नव्हतं.

त्यांनी हात जरा खाली नेला, मग उजवीकडे, मग डावीकडे. बेकरीवाला बघत राहिला. “बाई, कुठंय ती?”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती गाठ! “चर्चमध्ये!” मी ओरडले. “ती चर्चमध्येच राहिलीय!”

आम्ही धावलो. चर्चला कुलूप. मिस्सा संपली की चर्चची घंटा वाजवणारे घंटीकाका कुलूप लावून जेवायला जातात आणि फादर एका आजाऱ्याकडे गेले होते. घंटीकाकांना ताटावरून उठवून आणलं. किल्ली कुलपात शिरेना. “मी सगळीकडे बघूनच लावलं हो,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग एकदम थांबले. “मनोऱ्याच्या दाराची कडी मात्र तुटलीय.”

मनोऱ्यात घंटेकडे जाणारा लाकडी जिना आहे. त्याला कठडा नाही. बेकरीवाल्यानं बाईंकडे वळून पाहिलं आणि मला वाटलं हा आता त्यांच्या अंगावर धावून जातो.

दार उघडलं. आत झडपा बंद, अंधार. मनोऱ्याचं दार अर्धवट उघडं होतं. घंटीकाका बॅटरी घेऊन वर चढले. मोठ्या सिस्टर गुडघ्यांवर बसून बाकांखाली बघायला लागल्या. बेकरीवाला “रेडिओ! रेडिओ!” ओरडत सुटला आणि त्याचा आवाज छताला आपटून परत यायचा. मीही ओरडत होते. कुणी ओ देईना. मला त्या जिन्याखाली बघायचं धाडस होत नव्हतं.

“गप्प बसा!” बाई गरजल्या. “सगळे गप्प! सिस्टर, तुम्हीसुद्धा.”

मोठ्या सिस्टरांना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या गप्प झाल्या. घंटीकाका वरच्या पायरीवर थांबले. बाई मान तिरकी करून उभ्या राहिल्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग कुठूनतरी नव्या बुटाचं चामडं करकरलं, अगदी बारीक.

“कन्फेशनच्या पेटीत,” बाई म्हणाल्या.

ती लाकडी पेटी भिंतीला लागून आहे. एका बाजूला फादर बसतात, दुसऱ्या बाजूला पाप सांगणारा, मध्ये जाळी. बाई बाकांना हात लावत सरळ तिथे गेल्या. त्यांनी दार ओढलं, पण आतून कुणीतरी ते घट्ट धरलं होतं. बेकरीवाला पुढे झाला, तर त्यांनी त्याला हातानं अडवलं. मग त्या वळल्या आणि फादरांच्या बाजूनं आत शिरून बसल्या. त्या जागी फादरांखेरीज कुणी बसल्याचं मला माहीत नाही. वर घंटीकाकांनी क्रूसाची खूण केली.

मी सगळ्यात जवळ होते. रेडिओनं जाळीतून काय सांगितलं ते मी ऐकलं, पण सांगणार नाही. त्या पेटीतलं बाहेर काढायचं नसतं. तिची आजी तिला म्हणाली होती की चूक झाली तर तिथे जाऊन सांगायचं, आणि बिचारी मिस्सेच्या मध्येच उठून सांगायला गेली होती, कुणी ऐकायला येईल म्हणून वाट बघत बसली होती. नंतर बाईंनी तिच्या कमरेला आपली शाल गुंडाळली, त्यावरून काय समजायचं ते समजा.

“एवढ्यावर देव रागावत नाही गं,” बाई म्हणाल्या. “मीही नाही.”

मग रेडिओचा आवाज आला, चांगला खणखणीत. “तू काय केलंस?”

“मी?”

“इथं येतात त्यांनी काहीतरी केलेलंच असतं. तू काय केलंस?”

मला आत जाऊन बाईंचं तोंड दाबावंसं वाटलं, इतकी मी घाबरले होते.

“मला नीट दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “चेहरे दिसत नाहीत. आणि ते मी लपवून ठेवलं. म्हणून तू इथे राहिलीस.”

“मग सांग की मोठ्या सिस्टरला.”

“वर्ग काढून घेतील माझा.”

“तरीपण सांगायचं,” रेडिओ म्हणाली. “आजी म्हणते, तरीपण.”

“ऐकलंत ना, सिस्टर?” बाईंनी पेटीतूनच विचारलं.

“ऐकलं,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

दार उघडलं. रेडिओ बाहेर आली ती बोलतच: आत अंधार होता, एक कोळी होता, कोळ्याला पाय किती होते, भूक किती लागली होती. तिच्या बापाला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. बाईंनी हात पुढे केला. त्यानं आपला दिला. त्यांनी वण चाचपले आणि रेडिओचा हात त्यात ठेवला.

“तुम्ही मला शिकवलंत म्हणून गप्प बसतो, बाई,” तो म्हणाला. “नाहीतर…”

“गप्प नको बसूस. तुझं बरोबर आहे.”

त्यानं मुलीला उचललं आणि तो निघून गेला.

बाई वर्गात आल्या, खुंटीवरची दोरी काढली आणि माझ्या हातात दिली. “शेवटची गाठ सैल झालीय. घट्ट करून घे,” एवढंच म्हणाल्या. मला रडू फुटलं तर ओरडल्या, “पहिलीच्या बाईनं पोरांसमोर रडायचं नसतं,” आणि वर्गात तर एकही पोर नव्हतं.

फाटकाकडे जाताना मोठ्या सिस्टरांनी त्यांचं कोपर धरलं. बाईंनी झटकलं. सिस्टरांनी पुन्हा धरलं. या वेळी त्यांनी धरू दिलं. फाटकाबाहेर यजमान उभे होते, शर्टाला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले.

“सकाळी बाईंना तुम्हीच आणलंत ना?” सिस्टरांनी विचारलं.

“हो.”

“मग हात द्या.”

त्यांनी हात पुढे केला. सिस्टरांनी बाईंचा हात त्यात ठेवला. बाईंनी तो आधी चाचपून पाहिला, सुईनं खडबडीत झालेलं बोट ओळखलं आणि मगच धरला.