आबांनी दिलेला नारळ

शालन गेल्याचा फोन पुण्याहून सकाळी आला आणि दुपारपर्यंत आमच्या तिठ्यावर तिचा बॅनर लागलासुद्धा. 'गावाची सुकन्या, थोर शास्त्रज्ञ'... खाली हात जोडलेल्यांची रांग, त्यात सगळ्यांत मोठा फोटो गावच्या मानकऱ्यांचा, म्हणजे आबांचा. शालन कुठेतरी कोपऱ्यात. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. माझं रडू आलं तसं आत गेलं आणि त्याच्या जागी जो संताप बसला, तो महिना झाला तरी उठलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. शालनबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. उरलेल्यांनी आपलं आपण बघावं.

शालन माझी चुलत बहीण. काकीने मालवणच्या बाजारात मासे विकून तिला शिकवलं, आणि ही पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जाऊन एक विलक्षण काम करत बसली. आईच्या पोटात बाळ जेमतेम बोटाच्या पेराएवढं असतं, तेव्हा त्याच्या रक्तात वेगळंच हिमोग्लोबिन असतं. पुढे ते बनायचं थांबतं आणि दुसरं येतं. काही मुलांचं ते दुसरं बिघडलेलं निघतं आणि त्यांना जन्मभर लोकांचं रक्त घ्यावं लागतं. पहिल्याचा काही उपयोग होईल का, हे शोधणाऱ्यांना अभ्यासाला ते हवं असतं, आणि पोटातल्या बाळाकडे तर ते मागता येत नाही! म्हणून शालन ते जिवाणूंकडून बनवून घ्यायची. माणसाच्या जनुकाची नक्कल जिवाणूंत घालायची, त्यांना खाऊपिऊ घालून वाढवायचं, मग फोडून, गाळून तेवढंच प्रथिन वेगळं काढायचं. शेवटी इवल्याशा कुपीत कोकमाच्या आगळासारखं लाल पाणी उरायचं. "ह्येत पोर नाय, पोराची आवस नाय, रगताचो थेंब नाय," ती मला सांगायची.

गावात मोबाइल नुकते आले होते, त्या सुमाराला तिला डॉक्टरेट मिळाली म्हणून शाळेत तिचा सत्कार झाला. अध्यक्ष अर्थातच आबा. त्यांचं वाचन दुकानांच्या पाट्यांपुढे कधी गेलं नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "आमची शालन गर्भातल्या बाळांच्या रक्तावर संशोधन करते," असं ठोकून दिलं. शालन उठली आणि कळेल अशा भाषेत सगळं समजावून सांगितलं. आबा तेवढा वेळ पान जुळवत होते. मग टाळ्या, शाल, श्रीफळ... आणि दिवेलागणीपर्यंत घराघरांत एकच चर्चा, इतकी बाळं हिला मिळतात कुठून?

काकीचा नवस होता, शालन डॉक्टर झाली की तिच्या हातून देवीची ओटी भरीन. दुसऱ्या दिवशी सत्काराचाच नारळ ओटीला घेऊन आम्ही देवळात गेलो, तर आबा दारात आडवे. कौल घेतल्याशिवाय आत जायचं नाही! गुरवाने देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं आबांनी घातलं. "गे आई, पोटातल्या पोरांचा रगात हाताळणाऱ्या बायलेची ओटी तुका चलात काय? चलात तर उजवो दी, नाय तर डावो दी!" मंडळी एका सुरात म्हणाली, "होय म्हाराजा!" पाकळी डावी पडली. "आबानू, माझो नवस..." काकी एवढंच म्हणाली. ऐकायला आबा थांबलेच नव्हते.

परतताना मी तडतडत होते. शालन मात्र शांत. "देवीवर माझो राग नाय गो. असा इचारल्यार कोणय नायच म्हणतलो. उत्तर खोटा नाय, प्रश्न खोटो." पण काकीला हे कोण पटवणार? देवी आपल्यावर कोपली, असं मानतच ती गेली. आबांना मी क्षमा करावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी काकीचं ते शेवटचं वर्ष बघायला हवं होतं.

नारळ शालनने पुण्याला नेला. प्रयोगशाळेतल्या तिच्या टेबलावर तो कायम असे. कुणा विद्यार्थ्याचा प्रयोग फसला की नारळ त्याच्या कानाशी हलवायची आणि म्हणायची, "आधी प्रश्न बघ." तिच्या सामानातून तो माझ्याकडे आला.

परवा आबा घरी आले. "शालनच्या नावान देवीची ओटी भरूया, मानान. पेपरवालेय येतले. तो नारळ आसा मां तुझ्याकडे?"

"कौल घेतलात?" मी विचारलं.

"आता कौल कित्याक होयो? देवीक काय ठावक नाय?"

"आणि तेव्हा ठावक नव्हता?"

आबांनी चहा संपवला आणि चपला शोधत निघून गेले. नारळ मी दिला नाही. त्यातलं पाणी कधीच आटलंय, खोबऱ्याचा गोटा सुटून आत खुडखुडतो. आबा फाटकाबाहेर गेल्यावर मी तो कानाशी धरून हलवला, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.