चिमूटभर कोकोपीट

पिंपळीतल्या माझ्या रोपवाटिकेत एक पोरगा दर गुरुवारी नारळाच्या भुशाचं कोकोपीट विकायला यायचा आणि मी दर गुरुवारी नको म्हणायचो. तरी पठ्ठ्या पिशवी उघडून चिमूटभर जिभेवर ठेवायचा. "खारट न्हाय, आबा. बघा तरी!" माझं डोकं फिरायचं.

सहा महिन्यांनी, कटकट मिटावी म्हणून म्हटलं, "आण बाबा एक गाडी."

गाडी आली. त्यानं चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकला. "ह्यो माल खारट हाय, आबा. तुमची रोपं जळतील." आणि भरली गाडी माघारी नेली. याला म्हणावं तरी काय?

पुढच्या गुरुवारी दुसरी गाडी घेऊन हजर. पुन्हा चिमूट उचलली.

"आता चाखत बसू नकोस," मी खेकसलो. "उतरव!"