एका दिवशी दोन केळवणं

काल मुलीच्या केळवणाला कोथरूडला काकूंकडे गेलो होतो. जेवण झाल्यावर त्यांनी हातावर ओवा ठेवला आणि त्या वासाने मला माझं केळवण आठवलं.

तेव्हा काकूंकडे रात्री जेवलो आणि तासाभरात पोट धरून डॉक्टरांकडे पोचलो. ते म्हणाले, "डिस्पेप्सिया."

"म्हणजे काय रे?" काकू घाबरल्या.

मी नवा प्राध्यापक. कण्हतच शिकवायला लागलो, "ग्रीक शब्द, काकू. वाईट शिजणं. आपल्या 'पचन'चं मूळही शिजवणंच. पोट म्हणजे दुसरी चूल."

काकूंचा चेहरा उतरला. "मग पहिल्या चुलीवर माझ्याच अळूवड्या कच्च्या राहिल्या असणार."

दुपारी धायरीला मामींकडचं केळवणही मी चापून आलो होतो. पण ते सांगायचं धाडस झालं नाही. काकूंनी पुन्हा अळूवड्या केल्या नाहीत.

काल मात्र ओवा चघळत सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "किती जिलब्या खाल्ल्यास, ते मामींनी तेव्हाच कौतुकाने सांगितलं होतं."

"मग अळूवड्या का बंद केल्यात?"

"तू कधी बोलतोस, ते बघत होते. आता रविवारी करते. येताना कुठे जेवून येऊ नकोस."