जामीनदार

शिक्षणकर्जाच्या अर्जाची मागची बाजू मी कधी वाचलीच नव्हती, आणि तरीही घाटंजीच्या सरकारी कचेरीत कारकून म्हणून बसून लोकांना त्याचे नियम सांगत होतो. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे होते.

मुलीच्या कॉलेजसाठी अर्ज घेऊन आलेल्या त्या शेतमजुराचे नाव मला आठवत नाही, याचीही लाज वाटते. कागदाला हात लावण्याआधी तो तळहात धोतराला पुसायचा.

"जामीनदार शेतीवालाच पाहिजे," मी म्हणालो.

"मीच राहतो ना जामीन, बाबूजी. पोरीले सोडून मी कुठी पळतो?"

कचेरीतले सगळे हसले. मीही हसलो.

पुढे तो रोज दिसे. जामीनदार शोधत गावोगाव फिरून यायचा आणि कचेरीच्या पायरीवर बसायचा. अर्जाची मुदत संपली, तसा तो दिसेनासा झाला.

दिवाळीनंतर कोणाचा तरी अर्ज तपासताना मी कागद उलटला. शेती नसली तरी बाप जामीन राहू शकतो, असे तिथे स्वच्छ छापले होते.

बाजाराच्या दिवशी त्याला गाठून मी हे सांगितले. 

"मले नका सांगू, बाबूजी. पोरीले सांगा. तिले वाटते, बापानंच मनावर नाही घेतलं. माह्यासंग बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी, ती दोघे मजुरीला जात त्या शेतावर मी गेलो. मुलगी कापूस वेचत होती. तिच्या बापासमोर, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून मी म्हणालो, "बाई, तुझे वडील रोज येत होते. चूक माझी होती. मला माफ कर."