समाजभवनाची दोन कुलुपे

गावाचा इतिहास लिहायला बसावे, तर सनावळी उमटण्याआधीच वहीच्या समासात किस्से साचू लागतात. निवृत्तीनंतर नागपूर सोडून मी उमरेड रस्त्यावरील एका लहान गावी राहायला आलो आणि ग्रामपंचायतीने गावाची माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम मला दिले. इतिहास अजून चारच पाने झाला आहे. समास मात्र भरले!

*

नागपूरजवळच्या मिहान प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या गेल्यापासून, चौकशी करणारा प्रत्येक मनुष्य जमिनीसाठीच आलेला असतो, अशी येथे पक्की समजूत आहे. वयोवृद्ध गोविंदरावांना मी विचारले, गाव केव्हा वसले? त्यांनी मला खाटेवर बसवले, चहा पाजला आणि म्हणाले, "काहून? कोनाले पाह्यजे?"

इतिहासाला, मी म्हणालो.

"मंग त्यालेच पाठवा."

*

शाळेशेजारी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसले. आठवडाभर तिकडे कोणी फिरकेना. अखेर ते बसवणाऱ्या कारागिराने सर्वांसमक्ष दोन पेले पाणी पिऊन दाखवले. मग एक बाई म्हणाली, "त्याले सवय असंन."

'संशय' हा शब्द मी जपून वापरतो. गावकरी याला 'ध्यान ठेवनं' म्हणतात.

*

गावात मोहल्ले दोन: विणकरांचा आणि शेतकऱ्यांचा. समाजभवन बांधले, तेव्हा दुसरा मोहल्ला ते बळकावील अशी दोघांनाही खात्री होती. म्हणून दाराला दोन कुलुपे. एकाची किल्ली विणकरांच्या भाऊरावांकडे, दुसऱ्याची शेतकऱ्यांच्या देविदासरावांकडे. एका लग्नात वऱ्हाड तासभर उन्हात तिष्ठत राहिले, कारण आधी कुलूप कोणी काढायचे हे ठरेना. भाऊरावांचे म्हणणे साधे होते: "म्या काढलं अन् त्यानं नाही काढलं तं?"

*

गेल्या महिन्यात अधिकारी पाहणीला आले. भवन वापरात आढळले तर तेथे मुलींसाठी अभ्यासिका मिळणार होती. नाहीतर ती शेजारच्या गावाला जाणार होती. दहावीच्या मुली पायऱ्यांपाशी उभ्या होत्या. दोघे किल्लीदार दाराशी, एकमेकांच्या हाताकडे पाहत. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले आणि फाईल मिटली.

तेवढ्यात अंगणवाडीच्या मदतनीस सिंधूबाई पुढे आल्या. त्या कोणत्याच मोहल्ल्यात मोडत नाहीत. कनवटीच्या दोन किल्ल्या काढून त्यांनी दोन्ही कुलुपे उघडली. आत जमीन झाडलेली, सतरंजी अंथरलेली, तिच्यावर मुलींच्या वह्या, भिंतीवर खडूने काढलेली भूमितीची प्रमेये!

अधिकाऱ्यांनी बूट काढले आणि फाईल पुन्हा उघडली.

"तुले माही चाबी कोनं देल्ली वं?" भाऊराव म्हणाले.

"तुम्हीच देल्ली, भाऊ. म्हनले, कधी लागली तं असू दे, पन देविदासभाऊले सांगू नोको."

देविदासराव गालात हसले. सिंधूबाई त्यांच्याकडे वळल्या.

"तुम्ही बी हेच म्हनले होते, भाऊ."